चौकोनी कंसातला आकडा

विज्ञानाचा कोणताही शोधनिबंध उघडा. वाक्यांच्या शेवटी [३] किंवा [१२, १५–१७] असे कंसातले आकडे दिसतील. वाचणारा त्यांच्यावर क्षणभरही थांबत नाही. गरज पडली तर शेवटची पाने उलटून त्या क्रमांकाची नोंद बघतो आणि परत मजकुराकडे वळतो. निबंध जर ‘लाटेक’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीत तयार झालेला असेल, आणि गणित, भौतिकशास्त्र किंवा संगणकशास्त्रात तो बहुधा तसाच झालेला असतो, तर हा आकडा लेखकाने टाइप केलेला नसतो. लिहिताना त्याला तो ठाऊकही नसतो. तो फक्त एक नाव लिहून पुढे जातो. त्या नावाचा आकडा व्हावा म्हणून दोन स्वतंत्र प्रोग्रॅम आळीपाळीने चालतात, एकमेकांसाठी फायली लिहून ठेवतात, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीत कुठे तो आकडा पक्का होतो. माणसाने संगणकाकडून करून घेतलेल्या कामांत हे काम मला फार देखणे वाटते.

संदर्भ देण्याच्या मुख्य रीती दोन. एकीत लेखकाचे आडनाव आणि साल कंसात येते. ही रीत हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ सालच्या निबंधापासून सुरू झाली असे मानतात, आणि त्या निबंधाचा विषय होता बिनशंखाच्या गोगलगायीच्या अंड्याची वाढ. दुसरी रीत नुसत्या आकड्याची. जानेवारी १९७८ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक एकत्र बसले आणि त्यांनी हस्तलिखितांसाठी एकसारखे नियम ठरवले. संदर्भांना मजकुरात येतील त्या क्रमाने आकडे द्यायचे, ही त्यातली मुख्य गोष्ट. आजही या पद्धतीला त्या शहराचेच नाव आहे.

आकड्यांची रीत जागा वाचवते आणि वाक्याची लय मोडत नाही. तिची खरी किंमत टंकलेखन यंत्राच्या काळात लेखकाला मोजावी लागे. साठ संदर्भांचा निबंध पुरा झाला आणि परीक्षकाने सुचवले की अमुक एका कामाचा उल्लेख दुसऱ्या पानावर यायलाच हवा, की तो नवा संदर्भ चौथा होतो, जुना चौथा पाचवा होतो, आणि तिथून साठाव्यापर्यंत प्रत्येक आकडा मजकुरात शोधून बदलावा लागतो. एक जरी सुटला तरी वाचक भलत्याच निबंधापाशी जाऊन पोचतो. ही चूक मुद्रितशोधकालाही सापडत नाही, कारण चुकीचा आकडाही दिसायला बरोबर आकड्यासारखाच असतो.

डोनाल्ड क्नुथ यांनी १९७७ साली स्टॅनफर्डमध्ये ‘टेक’ ही प्रणाली लिहायला घेतली ती या कारणासाठी नव्हे. ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी मुद्रिते हाती आली. खिळ्यांची जुळणी जाऊन फोटोटाइपसेटिंग आले होते आणि पानांचे रूप पार उतरले होते. ते दुरुस्त करण्यासाठी त्यांनी स्वतः अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम लिहिला. पण टेकच्या मूळ संचात संदर्भ देण्याची सोयच नव्हती. क्नुथ यांच्या ग्रंथात नियतकालिक, खंड, साल आणि पान हे सगळे जागच्या जागी कंसात दिलेले असते, त्यामुळे त्यांना ती लागलीही नसावी.

संदर्भांचा विचार दुसरीकडे चालू होता. बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क यांनी १९७८ च्या सुमारास ‘रेफर’ नावाचा प्रोग्रॅम केला. त्यात लेखकाने निबंधाचे चार ओळखीचे शब्द लिहायचे, लेखकाचे आडनाव, शीर्षकातला एखादा शब्द, साल असे काहीही. प्रोग्रॅम साठवलेल्या नोंदींमधून नेमकी नोंद हुडकून आणत असे. कार्नेगी मेलन विद्यापीठात ब्रायन रीड यांनी ‘स्क्राइब’ ही प्रणाली केली. तिच्यात प्रत्येक नोंदीला लेखक, शीर्षक, नियतकालिक, साल अशी वेगवेगळी घरे होती. सूची कशी दिसावी हे ठरवणे आणि सूचीत काय आहे हे लिहून ठेवणे ही दोन कामे तिथे स्पष्टपणे वेगळी झाली.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लेस्ली लॅम्पोर्ट यांनी टेकवर लाटेकची इमारत उभारली. १९८५ साली ओरेन पटाशनिक यांनी लॅम्पोर्ट यांच्यासोबत ‘बिबटेक’ हा संदर्भसूचीचा प्रोग्रॅम तयार केला. त्यातल्या नोंदींची मांडणी स्क्राइबच्या धर्तीवर होती. १९८८ साली बिबटेकची ०.९९ ही आवृत्ती आली आणि आजही जगभर जी वापरली जाते ती जवळपास तीच आहे. इतक्या वर्षांत संगणकाची किती यंत्रे आली आणि गेली, हे लक्षात घेतले म्हणजे या टिकाऊपणाचे मोल कळते.

आता एकच संदर्भ घेऊन तो आकडा कसा जन्मतो ते पाहू. ३१ मार्च १९२८ च्या ‘नेचर’मध्ये रामन आणि कृष्णन यांचे नव्या प्रकारच्या विकिरणाबद्दलचे टिपण आले. समजा, लेखकाने त्याची नोंद आपल्या साठ्यात ‘रामन१९२८’ या नावाने ठेवली आहे. मजकुरात जिथे उल्लेख हवा तिथे तो उलटी तिरकी रेघ, ‘साइट’ ही आज्ञा आणि महिरपी कंसात हे नाव एवढेच लिहितो.

लाटेक पहिल्यांदा मजकूर वाचते तेव्हा या नावाला कोणता आकडा द्यायचा हे तिला माहीत नसते. ते कळायला सूची हवी, आणि सूची तर निबंधाच्या शेवटी असते. टेक मजकूर एकाच दिशेने वाचत जाते. पान जुळले, बाहेर पडले, की त्याच्याकडे पुन्हा वळून बघत नाही. त्या काळच्या यंत्रांत आख्खे पुस्तक स्मृतीत धरून ठेवण्याइतकी जागा नव्हती, म्हणून हा मार्ग निवडला गेला होता. मग लाटेक दोन गोष्टी करते. आकड्याच्या जागी ठळक प्रश्नचिन्ह छापते, आणि बाजूला ठेवलेल्या एका साहाय्यक फाईलमध्ये ‘रामन१९२८चा उल्लेख झाला’ अशी नोंद करते. परगावी निघालेला माणूस परतल्यावर काय करायचे याची चिठ्ठी स्वतःसाठीच लिहून ठेवतो, तशी ही फाईल.

मग बिबटेक चालते. ते मूळ निबंध उघडतसुद्धा नाही. साहाय्यक फाईल वाचते, कोणकोणत्या नावांचे उल्लेख झाले ते टिपते, नोंदींच्या साठ्यातून तेवढ्याच नोंदी काढते, सांगितलेल्या शैलीप्रमाणे लावते आणि तयार सूची एका वेगळ्या फाईलमध्ये लिहून ठेवते. दुसऱ्या फेरीत लाटेक पुन्हा पहिल्या पानापासून निघते. याही वेळी मजकुरात प्रश्नचिन्हेच पडतात, कारण सूची शेवटी आहे. शेवटी पोचल्यावर ती सूची वाचते, एकेका नोंदीला क्रमांक देते, आणि साहाय्यक फाईलमध्ये लिहिते: रामन१९२८ म्हणजे ३. तिसऱ्या फेरीत ती फाईल सुरुवातीलाच वाचली जाते आणि ‘रामन१९२८’ दिसताच [३] उमटतो.

कधी कधी चौथी फेरीही लागते. प्रश्नचिन्हाची रुंदी आणि [११–१४] ची रुंदी सारखी नसते. आकडे आले की ओळी सरकतात, एखादा परिच्छेद पुढच्या पानावर जातो, अनुक्रमणिकेतला पृष्ठांक बदलतो. अशा वेळी लाटेक स्वतःच सांगते की खुणा बदललेल्या असू शकतात, पुन्हा एकदा चालवा. एका फेरीत लिहिलेली फाईल आणि तिच्या आधीच्या फेरीतली फाईल अगदी सारखी झाली की निबंध स्थिरावला. शेवट माहीत नसताना सुरुवात लिहायची, मग शेवटाकडून कळलेले घेऊन सुरुवात पुन्हा लिहायची, आणि दोन्ही जुळेपर्यंत हे करत राहायचे. इतक्या साध्या युक्तीवर हजार पानांचे ग्रंथही उभे राहतात.

आकडा ठरल्यानंतर तो कसा छापायचा, यातही लाटेकच्या गाभ्यात बरेच बारीक काम आहे. प्रत्येक आकडा एका अदृश्य चौकटीत बंद केला जातो, म्हणजे तो मध्येच तुटणार नाही. एकाच कंसात अनेक आकडे असतील तर प्रत्येक स्वल्पविरामानंतर ओळ तोडण्यावर १००० गुणांचा दंड ठेवलेला असतो. टेकच्या हिशेबात १०,००० गुण म्हणजे सक्त मनाई. म्हणजे कंसातली यादी शक्यतो एका ओळीत राहावी, पण अगदीच निभत नसेल तर तोडली तरी चालेल, असा हा तोडगा आहे. कंसाच्या आधी लेखक नागमोडी रेघेचे चिन्ह घालतो, तेव्हा आधीचा शब्द आणि कंस यांची ताटातूट होत नाही. [३] एकटाच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येऊन पडला तर वाचणाऱ्याला ठेच लागते. चांगला जुळारी पूर्वी हे हातानेच सांभाळत असे.

शेवटच्या सूचीतही असेच. [९] आणि [१०] यांच्या रुंदीत एका अंकाचा फरक आहे, तरी नोंदींचा मजकूर एकाच उभ्या रेषेवर सुरू झाला पाहिजे. म्हणून सूची सुरू करताना सर्वांत रुंद खूण कोणती ते लाटेकला सांगावे लागते. हाताने सूची लिहिणारे लोक तिथे सरळ ९९ लिहितात. बिबटेक तो शोध स्वतःच करते. नोंदी मोजण्यासाठी लाटेक जो गणक वापरते तो तिने क्रमांकित यादीच्या चौथ्या, सर्वांत आतल्या पातळीकडून उसना घेतला आहे. यादीच्या पोटात यादी चार पातळ्यांपर्यंत सहसा कोणी नेत नाही, तेव्हा तो गणक मोकळाच असतो. त्या काळी टेकमध्ये प्रत्येक प्रकारच्या गणकासाठी फक्त २५६ जागा होत्या, म्हणून ही काटकसर करावी लागत असे.

मूळ लाटेकमध्ये एक उणीव मात्र होती. लेखकाने एकाच कंसात चार नावे दिली आणि त्यांचे आकडे ७, ३, ५, ४ निघाले, तर छापले जाई [७, ३, ५, ४]. हे वाचायला वाईट. डोनाल्ड आर्सेनो यांच्या ‘साइट’ नावाच्याच पॅकेजने यावर उपाय काढला. ते आधी आकडे चढत्या क्रमाने लावते, मग एकेक आकडा हाती घेऊन बघते की हा आधीच्या आकड्यापेक्षा बरोबर एकाने मोठा आहे का. असेल तर छापायचे थांबवून पुढे बघते, साखळी तुटली की पहिला आणि शेवटचा आकडा मध्ये डॅश घालून छापते. आपले चार आकडे [३–५, ७] होतात. दोनच आकडे सलग असतील तर डॅश येत नाही, स्वल्पविरामच राहतो, कारण ‘३–४’ मध्ये जागा वाचत नाही आणि अर्थही स्पष्ट होत नाही. ज्या निबंधात एका वाक्याला दहा-बारा संदर्भ लागतात तिथे या पॅकेजाचे उपकार मोठे आहेत.

काही नियतकालिकांना कंस नको असतो. आकडा ओळीच्या डोक्यावर, बारीक अक्षरात हवा असतो. ‘नेचर’ची रीत हीच. दिसायला हे नेटके दिसते, पण जुळणीत अडचणी वाढतात. कंसाचा संदर्भ पूर्णविरामाच्या आधी येतो. डोक्यावरचा आकडा बऱ्याच नियतकालिकांत पूर्णविरामाच्या किंवा स्वल्पविरामाच्या नंतर येतो. लेखकाने तर आज्ञा विरामचिन्हाआधी लिहिलेली असते. म्हणून पॅकेज आज्ञेच्या पुढचे चिन्ह डोकावून बघते. ते विरामचिन्ह असेल तर ते आधी छापते, आकड्याआधी सुटलेली मोकळी जागा काढून टाकते आणि मग आकडा चढवते. टेकमध्ये पुढचे चिन्ह न गिळता नुसते पाहण्याची खास आज्ञा आहे, तिच्यावर हे सारे चालते. एक धोका मात्र कोणतेही पॅकेज टाळू शकत नाही. वाक्य ‘५० मी’ अशा मापाने संपले आणि डोक्यावर संदर्भाचा २ आला, तर वाचणारा त्याला चौरस मीटर समजतो. माझ्या मते गणित आणि मापे भरपूर असलेल्या लेखनात चौकोनी कंसच बरा, मग पान थोडे जड दिसले तरी चालेल.

क्रम लावण्याच्या शैलीही लेखकाला निवडाव्या लागतात. बिबटेकच्या मूळ चार शैलींपैकी ‘प्लेन’ नोंदी लेखकांच्या आडनावांप्रमाणे लावते, त्यामुळे निबंधातला पहिलाच संदर्भ [१७] असू शकतो. गणितात हे नेहमी दिसते. ‘अनसॉर्ट’ मजकुरात येतील तसे आकडे देते. या दुसऱ्या शैलीत एक गोष्ट भल्याभल्यांना कोड्यात टाकते. निबंध पुरा होतो, आकडे येतात, आणि प्रस्तावनेतला पहिला संदर्भ [१] ऐवजी [४] निघतो. कारण बघायला गेले तर अगदी सुरुवातीच्या आकृत्यांच्या यादीत सापडते. शेवटच्या प्रकरणातल्या एखाद्या आकृतीच्या ओळखओळीत लेखकाने संदर्भ दिलेला असतो. ती ओळ जशीच्या तशी आकृत्यांच्या यादीत जाते, यादी पुस्तकाच्या पहिल्या पानांवर असते, आणि लाटेकच्या लेखी तो संदर्भ तिथेच पहिल्यांदा आलेला असतो. यावरही आर्सेनो यांचे एक छोटे पॅकेज आहे. अनुक्रमणिका आणि याद्यांमधले संदर्भ ते मोजणीत धरत नाही.

पुढे पॅट्रिक डेली यांचे ‘नॅटबिब’ आले. आडनाव-साल आणि आकडा या दोन्ही रीती त्याने एका छत्राखाली आणल्या. लेखकाने मजकूर एकदा लिहायचा, कंस चौकोनी की गोल, आकडे डोक्यावर की ओळीत, लावलेले की आटोपते, हे सुरुवातीच्या एका ओळीत सांगायचे. एका नियतकालिकाने नाकारलेला निबंध दुसऱ्याकडे पाठवताना एवढी एक ओळ बदलली की बहुतेक काम होते. २००६ च्या सुमारास फिलिप लेमन यांनी ‘बिबलाटेक’ हे नवे पॅकेज आणले. पुढे त्याच्या जोडीला ‘बिबर’ हा बिबटेकच्या जागी वापरायचा प्रोग्रॅम आला, आणि मराठीत लाटेक वापरणाऱ्यांसाठी ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरली.

देवनागरी टेकमध्ये आणण्याचा पाया फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात घातला. रोमन लिपीत लिहिलेला मजकूर त्यांचा प्रोग्रॅम देवनागरीच्या खुणांत बदलून देत असे. २००४ साली जोनाथन क्यू यांचे ‘झीटेक’ आले आणि युनिकोडमध्ये थेट मराठी लिहून ती जुळवता येऊ लागली. मजकूर उत्तम येऊ लागला, सूची मात्र अडली. बिबटेक अक्षरे त्यांच्या संगणकीय क्रमांकांप्रमाणे लावते आणि युनिकोडमध्ये ‘ळ’चा क्रमांक ‘ल’च्या लगेच पुढे, ‘व’च्या आधी आहे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर, आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ त्याच्याही पुढे. म्हणून बिबटेक ‘काळे’ यांना ‘कावळे’ यांच्या आधी बसवते आणि ‘क्षीरसागर’ यांना ‘खरे’ यांच्या आधी. आडनावांनुसार लावलेल्या सूचीत क्रम चुकला की मजकुरातले आकडेही त्याच चुकीच्या क्रमाने येतात. निबंध आतून सुसंगतच राहतो, पण सूचीत ‘काळे’ शोधणाऱ्याला ते मराठीच्या सवयीच्या जागी सापडत नाहीत. बिबर भाषेप्रमाणे क्रम लावण्याचे नियम पाळतो आणि त्यात मराठीचे नियम आहेत. पर्यायांमध्ये मराठी निवडले की ‘ळ’ आपल्या जागी जातो, ‘क्षीरसागर’ शेवटी जातात, आणि कंसातले आकडे त्याप्रमाणे बदलतात.

राहिला प्रश्न तो आकडा देवनागरीत छापण्याचा. सूची बनवतानाच इंग्रजी ‘3’ ऐवजी देवनागरी ‘३’ लिहून घ्यावा, हा विचार सहज सुचतो, पण तो घात करतो. टेकला संख्या म्हणून फक्त इंग्रजी अंक वाचता येतात. साहाय्यक फाईलमध्ये देवनागरी अंक गेला की आकडे लावणारे पॅकेज त्याला संख्या मानत नाही. मग चढता क्रमही लागत नाही आणि डॅशही येत नाही. कंसात पुन्हा ७, ३, ५, ४ अशी विस्कटलेली यादी उमटते. म्हणून बदल सर्वांत शेवटच्या टप्प्यावर, फाँटपाशी करतात. आतला सगळा हिशेब इंग्रजी अंकांत चालतो, आणि पानावर अक्षरे उमटताना झीटेक अंकांच्या नकाशातून प्रत्येक अंकाच्या जागी देवनागरी अंक बसवते. ‘पॉलिग्लॉसिया’ या बहुभाषी पॅकेजासोबत असा तयार नकाशा मिळतो. तो फाँटला जोडला की क्रम लावणे, सलग आकडे आटोपणे, कंस घालणे हे सारे आधीप्रमाणेच होते आणि कागदावर [३–५, ७] येते.